साहेब परदेशी, कळप बाईंकडे

मोठ्या माणसांची चरित्रं वाचताना मला एक खोड आहे. साहेब बाहेर होते तेव्हा घर कोण बघत होतं, हे मी आधी शोधते. ऑस्ट्रेलियाच्या जॉन मॅकार्थरबद्दल वाचतानाही तेच केलं.

हा मूळचा इंग्लंडचा लष्करी अधिकारी. १७९० मध्ये बायको एलिझाबेथ आणि तान्ह्या मुलासह सिडनीला उतरला. जहाजावरच त्यांना एक मुलगी झाली अन् तिथेच दगावली. सिडनी तेव्हा इंग्रजांची कैद्यांची वसाहत. १७९३ मध्ये जवळच परामाटाला त्याला १०० एकर जमीन मिळाली. मूळ रहिवाशांची जमीन ती, पण त्यांना विचारतो कोण? शेताला नाव मात्र त्याने बायकोचं दिलं. तिथे मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढ्या आणल्या.

पण स्वभाव भारी तापट! १८०१ मध्ये वरिष्ठाशीच पिस्तुलाने द्वंद्व लढला. झाली इंग्लंडला रवानगी. १८०५ मध्ये परतला तो राजाच्या कळपातल्या मेंढ्या विकत घेऊन. १८०८ मध्ये गव्हर्नर ब्लाय यांना हटवणाऱ्या बंडात पुन्हा हाच पुढे. १८०९ मध्ये परत इंग्लंड गाठलं, आणि अटकेच्या भीतीने १८१७ पर्यंत तिकडेच राहिला.

दोन्ही मिळून बारा वर्षं झाली, बघा! तेवढा काळ कळप कुणी राखला? एलिझाबेथने. शेतकऱ्याचीच लेक ती. मुलगे शिकायला इंग्लंडात, पदरी मुली, हाताखाली शिक्षा भोगणारे कैदी. मेंढ्यांची पैदास, लोकरीची कातरणी, माल लंडनला धाडणं, हिशेब, सगळं तिने निभावलं.

जॉन १८२५ मध्ये तिथल्या विधान परिषदेवर गेला, मोठा पुढारी झाला. पुढे मात्र मन ढळलं. जिने संसार तारला, तिच्यावरच संशय घेऊ लागला. १८३२ मध्ये परिषदेतून त्याचं नाव कमी झालं, १८३४ मध्ये तो गेला. एलिझाबेथ १८५० पर्यंत जगली.

१९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने दोन डॉलरची नोट काढली. तिच्यावर जॉनचं चित्र आणि शेजारी मेरिनो मेंढा! मेंढ्याला जागा मिळाली, मेंढ्या राखणारीला नाही. वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मैत्रिणींनो, पुढचं चरित्र हाती घ्याल तेव्हा माझा प्रश्न तुम्हीही विचारून बघा.