बागेतली दुर्बीण

विद्यार्थी मित्रांनो, रात्री गच्चीवर किंवा अंगणात उभे राहून तुम्ही चंद्र आणि तारे पाहिले असतील. हे सारे जवळून पाहता आले तर किती बरे होईल, असेही तुमच्या मनात आले असेल. पण त्यासाठी दुर्बीण कोणती घ्यावी? लांब नळीची की आखूड? भिंगाची की आरशाची? सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका संगीत शिक्षकाला पडला होता. त्यांचे नाव विल्यम हर्शेल.

हर्शेल यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1738 रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. त्यांचे वडील लष्कराच्या बँडमध्ये वादक होते. विल्यमही लहान वयातच त्या बँडमध्ये दाखल झाले. 1757 साली ते इंग्लंडला गेले. पुढे बाथ या शहरात ते ऑर्गन वाजवू लागले आणि संगीताच्या शिकवण्या करू लागले. 1772 मध्ये त्यांनी आपली धाकटी बहीण कॅरोलिन हिला बाथला आणले.

1773 साली हर्शेल यांनी खगोलशास्त्राची पुस्तके वाचली. आकाश स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी भिंगे विकत आणली आणि लांब लांब नळ्यांच्या दुर्बिणी जुळवल्या. पण त्या नळ्या सरळ धरणे आणि आकाशात फिरवणे फार कठीण जाई. मग त्यांनी आरशाची एक दोन फुटी दुर्बीण भाड्याने आणली. ती लहान होती, पण वापरायला फार सोपी होती. आपल्याला हवी ती दुर्बीण आरशाचीच, हे त्यांच्या लक्षात आले.

मात्र मोठ्या आरशाची किंमत त्यांना परवडण्यासारखी नव्हती. मग त्यांनी काय केले असेल? त्यांनी आरसा स्वतःच करायचे ठरवले! बाथमधील एक गृहस्थ आरसे घासण्याचा छंद सोडून देत होते. त्यांची हत्यारे हर्शेल यांनी विकत घेतली.

त्या काळी दुर्बिणीचे आरसे तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. ते तासन् तास घासावे लागत. एकदा तर हर्शेल यांनी सलग सोळा तास हात थांबवला नाही. कॅरोलिनने त्यांना घास भरवले. काम कंटाळवाणे होऊ नये म्हणून ती त्यांना गोष्टी वाचून दाखवी. त्यात तुमच्या ओळखीच्या अलिफ लैलाच्या गोष्टीही होत्या. 1781 मध्ये मोठा आरसा ओतताना वितळलेली धातू सांडली. उष्णतेने जमिनीवरचे दगड फुटून उडाले आणि सर्वांना जीव वाचवण्यासाठी पळावे लागले. तरीही हर्शेल यांनी काम सोडले नाही.

त्याच वर्षी, 13 मार्चच्या रात्री, ते घरामागच्या बागेत सात फुटी दुर्बिणीतून तारे पाहत होते. तिचा आरसा फक्त सव्वासहा इंच रुंद होता. एक तारा त्यांना इतरांपेक्षा मोठा दिसला. काही दिवसांत तो जागा बदलतो, हेही त्यांनी टिपले. आधी तो धूमकेतू वाटला, पण तो नवा ग्रह ठरला. तोच युरेनस. फ्लॅमस्टीड नावाच्या नामांकित शास्त्रज्ञांनी 1690 मध्येच तो पाहिला होता, पण त्यांनी त्याला साधा तारा मानले. म्हणजे नुसती दुर्बीण पुरत नाही, पाहणारा डोळाही तयार असावा लागतो.

1782 मध्ये इंग्लंडच्या राजाने हर्शेल यांना वर्षाला 200 पौंड पगार दिला. 1789 मध्ये त्यांनी चाळीस फूट लांबीची प्रचंड दुर्बीण पूर्ण केली. ती पाहायला दुरून लोक येत. पण ती हलवणे जिकिरीचे होते, म्हणून हर्शेल आपली वीस फुटी दुर्बीणच जास्त वापरत. कॅरोलिनला त्यांनी एक लहान दुर्बीण करून दिली होती. तिच्यातून कॅरोलिनने 1786 साली धूमकेतू शोधला. पुढे तिच्या नावावर आठ धूमकेतू जमा झाले. विल्यम हर्शेल 25 ऑगस्ट 1822 रोजी वारले.

मित्रांनो, तुम्ही पहिली दुर्बीण घ्याल तेव्हा हर्शेल यांची आठवण ठेवा. आधी नुसत्या डोळ्यांनी तारे ओळखायला शिका. नळीच्या लांबीला भुलू नका. आरसा किंवा भिंग किती रुंद आहे आणि स्टँड किती भक्कम आहे, ते पाहा. दुर्बिणीतून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका, डोळे कायमचे जातील. आणि एक लक्षात ठेवा. कपाटात पडून राहणाऱ्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा, रोज रात्री अंगणात येणारी लहान दुर्बीण कितीतरी चांगली!