मातीतून मॅटवर

आमच्या उरण-पनवेल पट्ट्यात जत्रेला कुस्त्यांचा फड लागतो, तेव्हा मी पैलवानांच्या पायांकडे पाहत राहतो. बोटं मातीत रुतवूनच गडी उभा राहतो. ही मातीच काढून घेतली तर? १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांवर तोच प्रसंग आला. मॅटची सवय नाही, नियम परके. तरी फ्लायवेट गटात ते सहावे आले! त्यांच्या पुढच्या ब्राँझपदकाइतकंच मला या सहाव्या क्रमांकाचं कौतुक वाटतं.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा. जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्तीचं बाळकडू घरातच मिळालं. लंडनच्या खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला होता. १९५२ च्या हेलसिंकीच्या वेळी मात्र पैशांसाठी दारोदार फिरावं लागलं. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! अशा माणसाचं ऋण डोक्यावर घेऊन खाशाबा फिनलंडला गेले.

बँटमवेट गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या इशीशी झालेली लढत लांबली आणि हातची गेली. लगेच सोव्हिएत मल्लाशी उतरायला सांगण्यात आलं. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती, पण ती मागायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगतात. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, यांना ब्राँझ. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं. ते लिअँडर पेसनं टेनिसमध्ये मिळवलं.

कऱ्हाडला उतरल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गुलाल खाली बसला आणि खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवलं.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि साहाय्यक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. तो घ्यायला ते नव्हते.