ब्रदर अंतोनियो मोस्केनी : चुन्यात मुरलेली भक्ती

इटलीतील बेर्गामोजवळ १८५४ साली जन्मलेले चित्रकार अंतोनियो मोस्केनी १८८९ मध्ये येशूसंघात ब्रदर म्हणून दाखल झाले. मंगळूरच्या सेंट अलॉयशियस चॅपलच्या भिंती व छत त्यांनी १८९९ पासून सुमारे अडीच वर्षांत चित्रांनी सजविले. मुंबईच्या होली नेम कॅथेड्रलमधील भित्तिचित्रेही त्यांचीच. ओल्या चुन्यावर दिलेला रंग गिलाव्यातच मुरतो. त्यामुळे ओलीने गिलावा सुटला की चित्रही जाते. १५ नोव्हेंबर १९०५ रोजी कोची येथे ते निवर्तले. १९९१ ते १९९४ या काळात इन्टॅकने मंगळूरच्या चित्रांचे जतन केले. अहिल्यानगर जिल्ह्यातील धर्मग्रामांनीही आपल्या जुन्या चर्चची डागडुजी करताना आधी गळती थांबवावी, मगच गिलाव्याला हात लावावा.