वडिलांना जन्मावरून डावललं, मुलाने मात्र अमेरिकन कंपनीशी पुण्यात निम्मी-निम्मी भागीदारी केली

कमिन्स हे नाव पुण्यात कोणाला माहिती नाही? कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज तर याच नावाने ओळखलं जातं. पण ही अमेरिकन कंपनी १९६२ साली पुण्यात आली, तेव्हा तिच्या नावाआधी एक मराठी आडनाव होतं. पूर्ण नाव, किर्लोस्कर कमिन्स.

स्वातंत्र्य मिळून जेमतेम १५ वर्षं झाली होती. व्यापाराला आलेल्या एका परदेशी कंपनीने पुढे अख्खा देश ताब्यात घेतला, हे शाळकरी पोरांनाही पाठ होतं. अशा काळात परदेशी कंपनीला निम्मी मालकी द्यायला तयार झालेला माणूस म्हणजे शंतनुराव किर्लोस्कर.

बढती हुकली आणि सायकलचं दुकान निघालं

गोष्ट सुरू होते शंतनुरावांच्या वडिलांपासून. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. म्हणजे आजचं व्हीजेटीआय. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. ब्रिटिश राजवटीत हे काही नवीन नव्हतं. कामापेक्षा जन्म मोठा ठरायचा.

लक्ष्मणरावांनी नोकरीला रामराम ठोकला आणि बेळगावात सायकलींचा धंदा वाढवला. त्यातून पुढे लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

शंतनुरावांचा जन्म १९०३ चा, सोलापूरचा. लहानपण गेलं ते कारखान्याच्या आवाजात.

अमेरिकेत शिकले, पण कोणत्या अमेरिकेत?

शिक्षणासाठी त्या काळात लोक इंग्लंडला जायचे. शंतनुराव गेले अमेरिकेला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी. १९२६ साली त्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली.

याच काळात, १९२३ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला. भारतीय माणूस कायद्याच्या भाषेत गोरा नाही, म्हणून त्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळणार नाही. थिंड अमेरिकन सैन्यात राहिलेले, तरीही. पुढच्याच वर्षी नवीन कायद्याने आशियातून येऊन स्थायिक होण्याचे दरवाजेही जवळपास बंद झाले.

थोडक्यात काय, अमेरिका इंजिनिअरिंग शिकवायला तयार होती, पण भारतीयाला आपल्यात घ्यायला नव्हती. शंतनुराव शिकून किर्लोस्करवाडीला परतले.

आपल्याच माणसांनी लावलेली आग

१९४८ साली गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता म्हणून पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरंदारं जाळली गेली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. ज्या नांगरांनी शेतकऱ्याचे कष्ट कमी केले, ते बनवणारा कारखाना मालकाच्या जातीमुळे जळाला. पुन्हा तेच. काम काय करता यापेक्षा जन्म कुठे झाला, हे महत्त्वाचं ठरलं. फरक इतकाच की आता राज्य इंग्रजांचं नव्हतं.

कारखाना परत उभा राहिला. शंतनुरावांनी त्याआधीच, १९४६ साली, पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केली होती. शेतीच्या पंपाला लागणारी डिझेल इंजिनं इथे तयार होऊ लागली. इंग्रजांच्या दारूगोळा कारखान्यासाठी ओळखली जाणारी खडकी आता इंजिनांसाठीही ओळखली जाऊ लागली.

मग अमेरिकन कंपनी कशाला हवी होती?

देशात धरणं, रस्ते, खाणी यांची कामं जोरात होती. त्यासाठी लागणारी जास्त ताकदीची इंजिनं बाहेरून आणायची तर डॉलर मोजावे लागायचे. आणि १९५७-५८ पासून सरकारकडे परकीय चलनाची चणचण होती.

परदेशी भांडवलाबद्दल नेहरूंनी १९४९ सालीच संसदेत धोरण सांगितलं होतं. पैसा यावा, त्याला भेदभाव नको, पण मालकी आणि ताबा शक्यतो भारतीयांकडे असावा.

शंतनुरावांनी काढलेला मार्ग या धोरणाच्या अगदी काठावरचा होता. नव्या कंपनीत ५० टक्के वाटा अमेरिकेच्या कमिन्सचा. उरलेला वाटा किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि इतर भारतीय भागधारकांचा. कारखाना कोथरूडला.

टीका तर होणारच होती. परदेशी भागीदार नफा बाहेर नेणार आणि तंत्रज्ञानाची चावी मात्र स्वतःकडेच ठेवणार, अशी भीती तेव्हा अनेकांना वाटायची. शंतनुरावांचा हिशोब वेगळा होता. इंजिन इथे बनलं तर ते बनवायची विद्याही इथल्या कामगाराच्या हातात येते. स्वदेशी म्हणजे फक्त मालकाचं आडनाव नाही.

सरकारी परवाना पद्धतीवरही ते उघड टीका करायचे. काय बनवायचं, किती बनवायचं हे दिल्लीने ठरवणं त्यांना मान्य नव्हतं. १९६५ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, त्याच सुमारास ते उद्योजकांची देशव्यापी संघटना फिक्कीचे अध्यक्ष झाले, तरी बोलणं थांबलं नाही.

हिशोब बरोबर निघाला का?

१९९१ साली देशाने दारं उघडली आणि बऱ्याच उद्योगांत परदेशी कंपन्यांना ५१ टक्क्यांपर्यंत वाटा सहज घेता येऊ लागला. ३० वर्षांपूर्वी पुण्यात जे केलं म्हणून भुवया उंचावल्या होत्या, ते आता सरकारी धोरण झालं होतं. शंतनुरावांनी वयाच्या ८८ व्या वर्षी हे पाहिलं. २४ एप्रिल १९९४ रोजी त्यांचं निधन झालं.

पण त्यानंतर काही वर्षांतच किर्लोस्कर या भागीदारीतून बाहेर पडले. कंपनीच्या नावातून मराठी आडनाव गेलं आणि उरलं फक्त कमिन्स इंडिया. म्हणजे १९६२ साली ज्यांना ताबा जाण्याची भीती वाटत होती, ते अगदीच चुकीचे नव्हते.

शंतनुरावांचंही मात्र खोटं ठरलं नाही. कोथरूडच्या कारखान्यात हजारो माणसं इंजिन बनवायला शिकली आणि त्याला सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने पुणे परिसरात उभे राहिले. मालकाचं नाव बदललं तरी ही विद्या त्यांच्याकडून कोणी परत नेऊ शकलं नाही.

मॉडेल कॉलनीतल्या शंतनुरावांच्या बंगल्याचं नाव ‘लकाकी’. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर या नावाची ही आद्याक्षरं. बढती नाकारली गेलेल्या त्या मास्तरांच्या नावाने आज तिथला रस्ताही ओळखला जातो.