डॉ. झाकीर हुसेन: 150 रुपयांची शपथ
डॉ. झाकीर हुसेन म्हटलं की आपल्याला राष्ट्रपती आठवतात. पण मुळात ते अर्थतज्ज्ञ. 1926 साली बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आले. मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. ते मात्र 29 व्या वर्षी दिल्लीत जामिया मिल्लियाचे कुलगुरू झाले. तेव्हा जामिया पैशाअभावी बंद पडायच्या बेतात होती. त्यांनी आणि साथीदारांनी शपथ घेतली: 20 वर्षं इथंच काम करू, महिना 150 रुपयांहून जास्त घेणार नाही. जामिया टिकली. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेने नेमलेल्या शिक्षण समितीचे तेच अध्यक्ष होते. 1969 मध्ये राष्ट्रपतिपदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला, दफनही जामियातच. मुलांच्या तालमीसाठी हात आखडताना आपण त्यांचा हा हिशेब आठवायला हवा.