परशुरामभाऊ पटवर्धन आणि धारवाडचा वेढा

ऋषिपंचमीला तासगावात गणपतीचा रथ ओढला जातो. तेथील देऊळ आणि सात मजली गोपुर बांधायला घेणारे परशुरामभाऊ पटवर्धन (१७४०–१७९९) आपल्या धारवाडशीही जोडलेले आहेत.

१७८० मध्ये नाना फडणिसांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणले. इंग्रजांनी निजाम व भोसल्यांना फोडले, तरी बोरघाटातून परतणाऱ्या गॉडर्डच्या फौजेला भाऊंनी बेजार केले. पुढे १७८५ मध्ये टिपूने नरगुंद घेतले. मदतीला गेलेल्या भाऊंना ते वाचवता आले नाही. १७९० मध्ये चित्र पालटले. मराठे, निजाम आणि इंग्रज टिपूविरुद्ध एक झाले.

त्या सप्टेंबरात भाऊ धारवाडपुढे येऊन बसले. सोबत मुंबईहून आलेल्या कॅप्टन लिटलच्या पलटणी होत्या. किल्लेदार बद्रुज्जमानखान चिवट निघाला. मोठ्या तोफा आणि दारूगोळा कमी पडला, फेब्रुवारीतला हल्ला फसला. अखेर एप्रिल १७९१ मध्ये किल्ला वाटाघाटींनी हाती आला. मे महिन्यात श्रीरंगपट्टणहून उपाशी परतणाऱ्या कॉर्नवॉलिसच्या फौजेला मराठ्यांच्या लष्करी बाजारानेच तगवले.

याच स्वारीत मराठी फौजेतल्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला. भाऊंचा अभिमान बाळगताना हे झाकून चालणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या कन्नड मुलखात नांदणाऱ्या आपल्याला तर नाहीच.

१७९२ मध्ये टिपूचे निम्मे राज्य तिघांनी वाटून घेतले. तीनच वर्षांत खर्ड्यावर भाऊ त्याच निजामाविरुद्ध सेनापती म्हणून उभे राहिले. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर वारसाच्या वादात नाना आणि भाऊ यांचेच फाटले. भाऊंना कैद सोसावी लागली. १७९९ च्या मे महिन्यात टिपू पडला, तेव्हा मराठे त्या युद्धात नव्हते. सप्टेंबरात पट्टणकुडीला कोल्हापूरकरांशी लढताना भाऊ पडले. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतला.

आज जग पुन्हा डळमळीत आहे आणि लोकशाही देश १९४९ च्या नाटोसारख्या करारांचा आधार शोधत आहेत. भाऊंचे आयुष्य आपल्याला सांगते, की शत्रूची भीती मित्र जमवते, पण टिकवत नाही. आणि घर फुटले की कालचा मित्र मालक होतो. लोकशाहीत निदान लोकांना आपल्या सरकारला जाब विचारता येतो. वेढ्यात सापडलेल्या धारवाडच्या रयतेला कोणीच काही विचारले नव्हते.