टिटवं कुणी धरायचं?

माझे वडील गेले त्या सकाळी घरात पहिली चर्चा झाली ती मडकं कोण धरणार याची. आम्ही दोघी बहिणीच. शेवटचे तीन महिने त्यांची कूस बदलणं, औषधं, रात्रीची जागरणं, सगळं आम्हीच केलेलं. पण दारात तिरडी बांधली जाऊ लागली तशी एका काकूंनी मला बाजूला घेऊन हलकेच सांगितलं, की बायका स्मशानात जात नाहीत. मडकं चुलतभावाने धरलं. आम्ही उंबऱ्यातूनच हात जोडले. वाद घालायची ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता.

सावित्रीबाई फुले आठवल्या त्या नंतर, वर्षश्राद्धाच्या सुमारास. मैत्रिणींनो, आपण त्यांना ओळखतो ते १८४८ सालच्या पुण्यातल्या मुलींच्या शाळेमुळे. अंगावर शेणमातीचे गोळे झेलत शाळेत जाणारी बाई, हे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकातलं. पण मला त्या जवळच्या वाटल्या त्या मरणाच्या दारात उभ्या असलेल्या.

जन्म ३ जानेवारी १८३१ चा, नायगावचा. नवव्या वर्षी लग्न. मूलबाळ नाही, आणि म्हणून जोतिरावांनी दुसरी बायको करावी हे दडपण होतंच. त्या दोघांनी ते मानलं नाही. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांची तिथे गुपचूप सुखरूप बाळंतपणं होत. अशाच एका ब्राह्मण विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला.

१८८८ मध्ये जोतिरावांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. अर्धांग म्हणजे कुणाचा तरी शाप, मागच्या पापाचं फळ, असं आजही आपल्याकडे कुजबुजलं जातं. खरं कारण साधं असतं. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो किंवा तिथे रक्तस्राव होतो. डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा हातपाय लुळा पडतो. जोतिराव डाव्या हाताने लिहीत राहिले आणि सावित्रीबाई त्यांची शुश्रूषा करत राहिल्या. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले.

आणि मग तोच प्रश्न आला, जो आमच्या दारात आला होता. टिटवं कुणी धरायचं? दत्तक मुलाचा हक्क भाऊबंदांना मान्य नव्हता. टिटवं धरणारा तो वारस, असा हिशेब त्यामागे होता. दारात प्रेत आणि हक्काची भांडणं. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी टिटवं स्वतःच्या हातात घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि नवऱ्याला अग्नीही त्यांनीच दिला. एकशे तीसहून जास्त वर्षांपूर्वी, पुण्यात! आभाळ काही कोसळलं नाही. त्यांनी रडत बसावं अशी लोकांची अपेक्षा असेल. पण पुढे सत्यशोधक समाजाचं काम त्यांनीच खांद्यावर घेतलं. १८९३ च्या सासवडच्या परिषदेच्या अध्यक्षस्थानीही त्याच होत्या.

त्यानंतर आला प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात तो ओळखला गेला आणि लवकरच पुण्यात पोचला. रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण उंदरावरची पिसू तो पसरवते हा शोध १८९८ चा. म्हणजे लोक मरत होते आणि रोग नेमका कसा लागतो हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. कुणी देवीचा कोप म्हणे, तर कुणी म्हणे सरकारी दवाखान्यात नेऊन माणसं मारतात. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आर्थर रोडच्या इस्पितळावर जमावाने हल्ला केला तो याच भीतीपोटी. थंडी भरून ताप, जांघेत नाहीतर काखेत गाठ, आणि पुष्कळांचा काही दिवसांत शेवट. आज वेळेत प्रतिजैविकं दिली तर प्लेग बरा होतो. तेव्हा असं एकही औषध नव्हतं. होतं ते फक्त पाणी पाजणं, ताप उतरवायला धडपडणं आणि जवळ बसणं. भीतीने जवळची माणसंसुद्धा बसत नव्हती.

सावित्रीबाई बसल्या. यशवंतला बोलावून हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात त्यांनी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग नावाच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तिथवर आणलं. वय सहासष्ट! गाठीचा प्लेग नुसत्या शिवण्याने सहसा लागत नाही, तो पिसू चावून लागतो. फुप्फुसात उतरला तर मात्र खोकल्यातूनही पसरतो. रुग्णांच्या अंथरुणा-कपड्यांतून आणि श्वासांतून त्या दिवसरात्र वावरत होत्या. १० मार्च १८९७ ला प्लेगनेच त्या गेल्या.

या बाईने मरणाला मोठं रूप दिलं नाही, की त्याचा विटाळही मानला नाही, असं मला वाटतं. मेलेल्यापुढे चालायचं असतं तेव्हा त्या चालल्या, आणि मरणाऱ्याजवळ बसायचं असतं तेव्हा बसल्या. दोन्ही कामं त्यांना सारखीच.

परवा आईने भाजी निवडता निवडता स्वतःच विषय काढला. तिच्या वेळी भावाला गावाहून बोलवायची घाई करू नका, तुम्ही दोघी आहात ना, असं म्हणाली आणि मेथीची जुडी सोडायला लागली. धाकटीचे डोळे भरले, ती उठून आत गेली. काकू अजून आहेत, त्यांना हे पटणार नाही. पण या वेळी मी उंबऱ्यात थांबणार नाही, एवढं ठरवलंय.